तिची आई परत आली तर?

"ताई, ती बाई कोर्टात गेली तर?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने विचारलं. मांडीवर कागदांची फाइल, दोन्ही हातांनी आवळून धरलेली. नवरा शेजारी गप्प. लेक आठ वर्षांची. दत्तक असल्याचं तिला लहानपणापासून ठाऊक. आठवड्यापूर्वी तिने सहज विचारलं होतं, "मला जन्म दिला ती आता कुठे असते?" तेव्हापासून आईची झोप उडालेली. त्यात कुणीतरी केरळच्या 2021 मधल्या प्रकरणाची बातमी पाठवलेली.

मी दत्तक पालकांचं समुपदेशन करते, त्यांची ही भीती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आधी केरळचं सांगितलं. आपल्या संमतीशिवाय बाळ देऊन टाकलं, असं त्या आईचं म्हणणं होतं. डीएनए चाचणी जुळली आणि तिरुवनंतपुरमच्या कौटुंबिक न्यायालयाने बाळ तिच्या हवाली केलं. पण ज्या जोडप्याकडे ते बाळ होतं, त्यांचा दत्तकाचा अंतिम आदेश तेव्हा झालेलाच नव्हता.

मग फाइल उघडली. यांच्या लेकीला जन्मदात्रीने बालकल्याण समितीसमोर सरेंडर केलं होतं, म्हणजे स्वतः सही करून तिच्यावरचा हक्क सोडला होता. सही केल्यावर फेरविचाराला दोन महिने मिळतात, तेही उलटून गेले होते. त्यानंतरच मूल दत्तकासाठी मोकळं झालं. आदेश कोर्टाचा (सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात, यांचा त्याआधीचा). 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे आदेश लागू झाला की जन्माच्या घराशी कायदेशीर नातं संपतं. अशा दत्तकात नावं गोपनीय असतात, भेटीगाठींचा प्रश्न येत नाही. नात्यातलं दत्तक असेल तर गोष्ट निराळी, तिथे माणसं लग्नाकार्यात समोरच येतात. मुळांचा शोध घ्यायचा तर तो मुलीने: अठरानंतर स्वतः, त्याआधी आईवडिलांबरोबर. तिसऱ्या कुणाला तो घेता येत नाही.

पूर्वी मी इथेच थांबत असे. कलमं सांगायची, धीर द्यायचा, निरोप घ्यायचा. पण तिच्या हातातली फाइल काही सुटली नव्हती.

नवरा पहिल्यांदा बोलला. "ताई, संस्थेतून आणली तेव्हा अंगावर पिवळा फ्रॉक होता. हिने तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय. दागिन्यांबरोबर."

"लेकीच्या हाती लागला तर?" ती म्हणाली.

लागला तर काय होईल, यावरच पुढची दोन सत्रं गेली. लेकीने विचारलं की हिचा चेहरा पडतो, तो बघून लेक विषय बदलते. म्हणजे आईला सांभाळायचं काम आठ वर्षांच्या पोरीवर आलेलं. "तुझ्यावर फार प्रेम होतं म्हणून तिने तुला दिलं" हे वाक्य मी टाळायला सांगितलं. प्रेम असलं की माणसं सोडून जातात, असा अर्थ मुलं काढतात. त्यापेक्षा "तेव्हा तिला बाळ सांभाळणं जमण्यासारखं नव्हतं. आता ती कुठे असते, मला माहीत नाही" एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा फ्रॉक लॉकरमधून घरी आला होता. लेकीने तो पोटाला लावून बघितला. "एवढीशी होते मी?" मग जरा वेळाने, "तिला माझा वाढदिवस माहीत असेल?"

"असेल की," आई म्हणाली. "त्या दिवशी तीच तर होती तुझ्याजवळ."

लेकीने मान हलवली आणि फ्रॉक टेडीला घालायला घेतला. टेडीच्या डोक्यातून तो काही जाईना.