"आधी ह्याचं नक्की काय ते कळू दे, मग शाळेत बोलू"

मुलगा मुलींसारखा चालतो-बोलतो, किंवा मुलगी केस बारीक कापून शर्ट-पँटवरच अडून बसते, आणि त्यावरून शाळेत छळ चाललाय, अशा घरांतून मला, समुपदेशक म्हणून, हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यामागची काळजी खोटी नसते. मूल ट्रान्सजेंडर आहे का, वयाचा भाग आहे, की आणखी काही, हे आपल्यालाच ठाऊक नसताना मुख्याध्यापकांपुढे कुठल्या तोंडाने जायचं, असं आई-वडिलांना वाटतं. मी त्यांना सांगते, ते कळायची वाट बघू नका. का, ते एका घराच्या अनुभवातून लिहिते. घरच्यांचा होकार घेतलाय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मूल नववीतलं. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी ब्लाउज शिवते. त्यांना माझ्याकडे धाडलं ते फॅमिली डॉक्टरांनी. लघवीला जळजळ, ताप, औषधाचा कोर्स, जरा बरं, की परत तेच. आई म्हणाली, "पाणीच पिईना झालंय ओ मॅडम. बाटली जशी भरून देते तशीच परत येतीय." मार्चचा महिना, सोलापूरचं ऊन चाळिशीला टेकलेलं, आणि लिटरची बाटली दप्तरातून जशीच्या तशी बाहेर. पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागतं. मुतारीत जायचं नव्हतं, म्हणून सकाळपासून घोटभरसुद्धा नाही.

आई-वडिलांना बाहेर बसवून बोललो. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ते मूल म्हणालं, "मला माझं काय ते कळत नाही. कधी वाटतं मुलगी असावं, कधी वाटतं दोन्हीतलं काहीच नको. पण मुतारीत जायची भीती वाटते, हे कळतं."

मला पुढच्या कामापुरतं एवढं पुरे होतं.

मधल्या सुट्टीत तीन-चार पोरं मुतारीच्या दाराला टेकून उभी राहायची. "बघू तरी काय हाय बे" म्हणत दार बडवायची. वर्गात 'बायल्या', 'मामी' आणि त्याहून घाण नावं. चालण्याचा चोरून व्हिडिओ काढून, त्याला गाणं लावून तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. आणि या सगळ्याच्या मुळाशी पीटीचा तास. मुलांची रांग एकीकडे, मुलींची दुसरीकडे, आणि शिट्टी हातात घेतलेले सर या मुलाकडे बघून विचारायचे, "तुमची रांग कुठली, मॅडम?" सगळं मैदान हसायचं. मास्तर ज्याला हसतात त्याला छळायची मुभा आहे, हे पोरांना कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

मी मुलाला स्पष्ट विचारलं, कुणी अंगाला हात लावला का, कपडे ओढले का? उत्तर 'नाही' आलं. हा प्रश्न विचारताना पालक लाजतात, पण तो टाळून चालत नाही. तसं काही झालं असतं तर ते पोक्सोत, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात मोडलं असतं. तो कायदा अठराच्या आतल्या प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि असा प्रकार कळलेल्या माणसावर तो पोलिसांना कळवायचं बंधन आहे. ते बंधन माझ्यावरही आहे, मुख्याध्यापकांवरही.

घरात तोवर वेगळंच चाललं होतं. आत्याला वाटत होतं की हे यल्लम्माचं काहीतरी आहे, सौंदत्तीला जाऊन यावं, नाहीतर पोरगं जोगता, म्हणजे देवीला सोडलेला, होईल. मामांनी पुण्यातल्या कुठल्यातरी डॉक्टरचा नंबर आणला होता, 'पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं' देणारा. इंजेक्शनाच्या बाबतीत मी कडकच बोलले. लिंगओळख, म्हणजे आपण मुलगा, मुलगी की आणखी कुणी हे आतून वाटणं, 'दुरुस्त' करण्याच्या असल्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. जागतिक आरोग्य संघटनेने तर ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांच्या यादीतूनच काढलंय. यल्लम्माचा विषय आजींनी परस्पर मिटवला. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, लहानपणापासून जोगते बघितलेले. "देवीला जायचं तर जावा," त्या म्हणाल्या, "पण पोरगं शाळेत तहानलेलं बसतंय ते देवी बघणार हाय का मास्तर?"

वडील कमी बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, तो जरा नीट चालला-बोलला तर कोण कशाला चिडवंल?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वडील विचारतात. मी म्हटलं, दादा, ते करून झालंय. मुलाने खिशात हात घालून चालून पाहिलं होतं, आवाज जाड काढून पाहिला होता. मग पोरं त्या नकलेलाच हसायला लागली. छळणाऱ्याला निमित्त कुठलंही चालतं. त्याला खरे लागतात ते बघे. बघे पांगले की निम्मा खेळ संपतो, आणि बघे पांगवणं हे शाळेचं काम आहे, चौदा वर्षांच्या पोराचं नव्हे.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट त्यांना सांगितली. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना थेट सरपंच म्हणून निवडून दिलं, राज्यातल्या पहिल्या तृतीयपंथी सरपंच. त्यांना ते माहीत होतं. जरा थांबून म्हणाले, "सरपंच झाल्या ते ठीक हाय. शाळेत काय सोसलं असंल?" त्यानंतर 'नीट चालायचं' पुन्हा निघालं नाही.

मग अर्ज. मुलाची अट होती, "मी काय आहे ते शाळेत कुणाला सांगायचं नाही." अट रास्त होती आणि ती पाळणं अजिबात अवघड गेलं नाही, कारण अर्जात ओळखीचा विषय यायची गरजच नव्हती. त्यात फक्त घडलेलं लिहिलं: तारीख, जागा, कोण होतं, काय म्हणाले, कुणी पाहिलं. ही नोंद आईने ब्लाउजाची मापं लिहायच्या वहीत मागच्या पानापासून ठेवायला सुरुवात केली होती. व्हिडिओ आईला लगेच डिलीट करवायचा होता. आधी स्क्रीनशॉट घ्यायला लावले, ग्रुपचं नाव आणि वेळ दिसेल असे. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन पोच. तोंडी तक्रार मास्तरांच्या चहाबरोबर विरघळते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. "पोरंच ती, चेष्टा करतात" इथून सुरुवात झाली, मग "याला सूट दिली तर बाकीचीही तशीच व्हायची" हेही आलं. मी म्हटलं, सर, हसून कुणाची लिंगओळख जात नाही तशी सांभाळून घेतल्याने कुणाला लागतही नाही. पण मुतारीच्या दारात जे चाललंय ते उद्या एक पाऊल पुढे गेलं तर प्रकरण पोक्सोचं होईल, आणि पोचेच्या तारखेवरून पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. त्यांनी शिपायाला दार लावायला सांगितलं आणि वही काढली. खरं सांगायचं तर कायद्याचा धाक आधी आणि सहानुभूती नंतर, असा क्रम मला चालतो.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे, हे पालकांनाही माहीत नसतं. २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य केले, आणि २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना त्यांच्याशी भेदभाव करायला मनाई केली. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, आणि लिंगावरून किंवा लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीची दखल घेणारी यंत्रणाही हवी. सरांनी विचारलं, "समुपदेशकाचा पगार कोण देणार?" त्यावर मी गप्प बसले. तो प्रश्न खरोखरच माझ्या हातातला नाही.

हातातलं जे होतं ते झालं. मधल्या सुट्टीत मुतारीच्या बोळात रोज एका शिक्षकाची पाळी लागली. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या स्वच्छतागृहात साठलेलं जुनं सामान काढून ते उघडलं, आणि कुणालाही, कारण न विचारता, वापरायला दिलं. फक्त या एका मुलाला किल्ली दिली असती तर ती किल्लीच नवं चिडवणं झाली असती. पीटीच्या रांगा हजेरी क्रमांकाने लागायला लागल्या. व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांचे पालक एकेक करून बोलावले. त्यातल्या एकाच्या घरी त्याला रोज पट्ट्याने मार बसतो हे त्या बैठकीत कळलं आणि तो आता माझ्याकडेच येतो. एक गोष्ट मी होऊ दिली नाही. दोघांना समोरासमोर उभं करून "चला, हात मिळवा" ही आपल्याकडची लाडकी पद्धत. चौघांनी एकाला कोंडलं तर ते भांडण नसतं, मग समेट कसला? आणि हात मिळवलेल्या पोराला संध्याकाळी गेटबाहेर कोण सांभाळणार?

पीटीचे सर अजून या मुलाशी बोलत नाहीत. टोमणे थांबलेत, तेवढं मला सध्या पुरतं. ताप-जळजळीचं दुखणं परत उलटलेलं नाही.

"शाळाच बदलली असती तर?" असं आईने नंतर विचारलं. मी म्हटलं, ताई, मूल स्वतः म्हणालं तर जरूर बदला. अर्ज देऊनही शाळा ढिम्म राहिली तर जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, पुढे राज्य बालहक्क आयोग आहे, आणि जिवाला धोका वाटला तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन रात्री-अपरात्रीही उचलली जाते. पण नुसती शाळा बदलून मूल तेच चालणं आणि तोच आवाज घेऊन नव्या वर्गात जातं, आणि इथे मिळवलेली दोन-तीन ओळखीची, बाजूने उभी राहणारी पोरं मागे राहतात.

आता दहावीची सहल निघालीय, मुक्कामाची. मुलांची खोली वेगळी, मुलींची वेगळी. आई म्हणत होती, पाठवूच नये. मुलाला मात्र जायचंय. कुणाबरोबर खोलीत झोपायला चालेल, त्या दोन मित्रांची नावंही त्याने सांगितलीत. पैसे भरण्याआधी वर्गशिक्षकांशी बोलायला हवं, असं मी म्हटल्यावर वडील म्हणाले, "तुम्ही नका येऊ मॅडम. शनिवारी पाळी सुटल्यावर मीच जातो. तो शिक्क्याचा कागद घेऊन जातो बरोबर."