खात्यात 9 लाख, पण त्यातले आपले किती?

प्रिय बेटा,

संस्थेने राखीव पैसा किती ठेवायचा, हा तुझा मेसेज वाचला. संस्थेच्या खात्यात 9 लाख आहेत म्हणून कमिटी निवांत, खजिनदार काका म्हणता, "आपलाकडे पैसा शे ना, मंग काय चिंता?" बरं, पण त्यातले 7 लाख 40 हजार सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी दिलेले आहेत ना, धडगावच्या पाड्यांवरच्या कामासाठी आलेले, ते तिथेच लागणार, त्यातून ऑफिसचं भाडं काढलं तर युटिलायझेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे पैसा ठरलेल्या कामालाच लागला या दाखल्यावर, सीए सही करणार नाही. म्हणजे आपले उरले 1 लाख 60 हजार. पगार, भाडं, लाइट, डिझेल धरून महिन्याचा बांधील खर्च तूच 60 हजार लिहिलाय, पावणेतीन महिनेसुद्धा निघत नाहीत.

म्हणून राखीव पैसा, म्हणजे अडचणीसाठी बाजूला ठेवलेला आपला पैसा, किती महिन्यांचा खर्च निघेल असा महिन्यांत मोजत जा. कंपन्यांचे चेक मार्चच्या तोंडावर येतात, नवा करार व्हायला पावसाळा उजाडतो, आणि आपला खरा भार तर दिवाळीनंतर, लोकं ऊसतोडीला गुजरातकडे निघाले की मागे राहिलेल्या पोरांचं हंगामी वसतिगृह, किराणा, स्वयंपाकवाली मावशी, सगळं एकदम सुरू होतं. कंपनीचा दुसरा हप्ता रिपोर्ट मंजूर झाल्यावरच. तोवर किराणावाला उधारीवर थांबेल हो, कार्यकर्त्याच्या घरचं काय? आधी 3 महिन्यांचं जमव, मग चार-पाच वर्षांत 6 कर.

जमवायचं कसं, तर आयकर कायदा म्हणतो वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के कामावर खर्च झाले पाहिजेत, 15 टक्के मागे ठेवता येतात. जास्त ठेवायचे तर कशासाठी ते ठरावात लिहायचं, मुदतीत फॉर्म भरायचा आणि 5 वर्षांत त्याच कामाला वापरायचे. कॉर्पस, म्हणजे संस्थेचा कायमचा मूळ निधी, वेगळा, त्यासाठी देणगीदाराचं "ही रक्कम कॉर्पससाठी" असं पत्रच हवं, नुसतं तोंडी चालत नाही, आणि तो पैसा वेगळ्या एफडीत. तुमचे अमळनेरवाले सभासद विप्रोचे शेअर घ्या म्हणतीलच, तिकडे घरोघरी त्या शेअरवर श्रीमंत झालेल्यांच्या गोष्टी आहेत, पण ट्रस्टच्या पैशातून असे शेअर घेता येत नाहीत, एवढं सांग आणि विषय संपव.

राखीव पैशाला हात कोणी लावायचा हेही आत्ताच ठरवून टाक. ठराव, दोन सह्या, आणि हप्ता आला की आधी तो खड्डा भरायचा.

मागच्या 5 वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद पाठव, शेजारी ठेवून बघू जनरल फंड, म्हणजे आपली स्वतःची साठलेली शिल्लक, वाढतोय की दरवर्षी थोडा थोडा खाल्ला जातोय. फोटो नीट काढ, मागच्या वेळी बेरजेची ओळच कापली गेली होती.

तुझा,
काका