रात्रपाळीवरून, रिकाम्या सुट्टीबद्दल

प्रिय सोनू,

रात्री दोन वाजता चहा घ्यायला बसले तेव्हा तुझा मेसेज पाहिला. "आजी फोनवर म्हणाली, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ही शिवी आहे का? आणि मी बारापर्यंत लोळते, प्रार्थनाही होत नाही. म्हणजे माझा विश्वास गेला का?" एका दमात दोन प्रश्न. एवढं फोनवर टाइप करत बसण्यापेक्षा लिहूनच देते. सकाळी मी झोपलेली असेन, फ्रिजवर बघ.

शिवी नाही गं. पूर्वी न्हावी नुसते केस कापायचे नाहीत, अंगातलं दुखरं रक्त ओढून काढायला तुंबडीही लावायचे. गिऱ्हाईक नसलं की बिचारा काय करणार, भिंतीलाच लावत बसायचा, अशी ती म्हण. सगळे त्याला हसतात. मला आता वाटतं, निदान हत्यार हातात धरून तरी बसला होता.

आजीनं ही म्हण पहिल्यांदा मला ऐकवली ती 1994 साली. माझी दहावी मार्चमध्ये संपली आणि निकाल जूनमध्ये. तुझी जी.सी.एस.ई., म्हणजे इथली ब्रिटनमधली दहावीच, जूनमध्ये संपली आणि निकाल ऑगस्टमध्ये, तसंच. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, माझ्या तोंडात अजून बसत नाही) एप्रिल-मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसायचं. देवळातली सुट्टीची बायबल शाळा लहान मुलांची. माझ्यासारख्या सोळा वर्षांच्या घोडीला तिथं काम नव्हतं आणि घरी होतं ते कुरडयांचं.

कुरडया तू नुसत्या तळलेल्या खाल्ल्यास, म्हणून सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर ठेवला की खाली बसतो, वरचं पाणी ओतून टाकायचं. पहाटे आधणात मीठ टाकून चीक हाटायचा. गाठ झाली की आजीचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मग सोऱ्यानं गरम गरम पाडायच्या, अंगणात बाजेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर. त्या दोन दिवस वाळेपर्यंत राखण करायची, आणि ते माझं काम. एका हातात काठी, मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. आजीला वाटायचं पोरगी वचनं पाठ करतेय. आत एक रहस्यकथा होती. खुनी सापडायला चार पानं उरली होती आणि पलीकडच्यांची शेळी बाजेची अर्धी बाजू साफ करून गेली.

आजी ओरडली नाही. म्हणाली, "शेळीचं पोट तरी भरलं." मग ती म्हण. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता शेजारच्या म्हाताऱ्या मावशींकडे जाऊन वाचून दाखवायचं, अशी शिक्षा. त्यांची नजर मोतीबिंदूनं गेली होती. दारात बसून मशेरी लावायच्या. "काय वाचू?" म्हटलं तर म्हणाल्या, "एकशे एकोणिसावं स्तोत्र." मला रडूच आलं. अख्ख्या पवित्र शास्त्रात सर्वांत लांब, 176 वचनं! पण त्याची एक गंमत आहे. मूळ हिब्रूत 22 अक्षरं, म्हणून स्तोत्राचे 22 तुकडे, प्रत्येकात 8 वचनं, आणि त्या आठांची सुरुवात एकाच अक्षरानं. म्हणजे रोज एक तुकडा, 22 दिवसांत संपतं. मी दोन-तीन वचनं गाळून लवकर सुटायला बघायचे. मावशी लगेच, "मधलं कुठं गेलं?" त्यांना अर्धं तोंडपाठ होतं.

माझा विश्वास तेव्हा फार मोठा होता असं समजू नकोस. संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेत आजोबांची प्रार्थना सगळे नातेवाईक, म्हैस, पाऊस, पाळकसाहेब असं करत करत लांबायची आणि मी गुडघ्यांवर झोपायचे. एकटीनं प्रार्थना तर महिनाभर झाली नाही. पण चार वाजले की पाय पलीकडे वळायचे. ऊन असलं तरी, मन नसलं तरी. कारण कोणीतरी दारात वाट बघत होतं.

तू विचारलंस म्हणून आपल्याकडची एक गोष्ट सांगते. ना. वा. टिळकांची गीतं आपण उपासनेत गातो ना? ते 1895 साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 साली. मधली पाच वर्षं त्या संसार, पोर, नवऱ्याचा राग आणि स्वतःचे प्रश्न घेऊन राहिल्या. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, लिहायला-वाचायला शिकल्या लग्नानंतर. आणि टिळक 1919 मध्ये वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य अर्धवट होतं, ते पुढे याच बाईंनी पुरं केलं. पाच वर्षं ज्यांना ठरवता आलं नाही त्यांना कोणी अविश्वासू म्हणत नाही. तुझे तर तीन आठवडे झालेत. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी अख्खं पवित्र शास्त्र हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, त्याला कितीतरी वर्षं लागली. 1922 मध्ये, जाण्याआधी, ते काम त्यांनी हातावेगळं केलं. त्यातला प्रत्येक दिवस काही उचंबळून आलेला नसेल.

तुमच्या युथ ग्रुपनं दिलेला तो तीस चौकोनांचा तक्ता मी पाहिला, बायबल वाचलं की खूण करायची तो. मला नाही आवडला. चौथ्या दिवशी एक चौकोन मोकळा राहतो, पाचव्या दिवशी तक्ता ड्रॉवरमध्ये जातो आणि सहाव्या दिवशी तू मला विचारतेस, विश्वास गेला का. फोन मी काढून घेणार नाही, ब्रेकमध्ये मीही तोच बघते. झोप हवी तेवढी घे, परीक्षेत जागली आहेस. मात्र दिवसात एक तरी वेळ अशी असू दे की तू आली नाहीस तर कुणाचं तरी अडेल. फूड बँकेत शनिवारी डबे लावायला माणसं लागतात, तिथे विचार. तळमजल्यावरच्या आजोबांचा कुत्रा आहे, त्याला फिरवायला ने.

आणि अजून एक. आजीच्या डाव्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरलाय. छोटी अक्षरं दिसत नाहीत, पण ती कुणाला सांगत नाही. तिच्याकडे दुपारचे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. तुझं मराठी वाचन अडखळतं हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. जोडाक्षरं आली की थांब, ती सांगेल. मी तिला अजून काही बोलले नाहीये, तूच विचार.

कुरडयांचा डबा वरच्या फळीवर आहे. तेल नीट तापल्याशिवाय टाकू नकोस, नाहीतर फुलत नाहीत.

तुझी,
आई