वासाचे डायँथस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: पिंक्सना (वासाच्या डायँथसना) रोज पाणी घालते तरी पानं पिवळी पडतायत, बुडाशी मऊ झालंय. खत कमी पडतंय का?

खत राहू द्या, आधी पाणी थांबवा. ही मूळची युरोपातल्या चुनखडीच्या, खडकाळ उतारांवरची झाडं, पानं बघा ना, अरुंद, निळसर-राखाडी आणि वर मेणासारखा थर, म्हणजे पाणी धरून ठेवायची सोय झाडाकडे आहेच, त्यात आपण मुळं सतत ओली ठेवली की बुडापासून कुजायला लागतं. मातीत जाड वाळू किंवा बारीक खडी भरपूर मिसळा, निदान 6 तास ऊन पाहिजेच. खोडाभोवती पालापाचोळ्याचं मल्चिंग अजिबात नको, त्याऐवजी बारीक खडी पसरा. पाणी बोट घालून बघून, वरची माती नीट सुकल्यावरच. नवीन रोप रुजेपर्यंत मात्र लक्ष ठेवा. माती आम्लधर्मी असेल तर थोडा बागेचा चुना घाला, हे त्यांना मनापासून आवडतं.

प्रश्न: फुलं भरपूर येतात पण वासच नाही, असं का?

बहुतेक तुमच्याकडे चायनेन्सिस जातीचं रोप आहे. सीझनल म्हणून मिळतं ते हेच, रंग झकास पण वास जेमतेम. लवंगेसारखा वास हवा तर प्लुमॅरियस किंवा ग्रॅशियानोपोलिटॅनस या डायँथसच्या जाती घ्या, त्यांच्या वासात युजेनॉल हे सुगंधी द्रव्य असतं, लवंगेत असतं तेच. माझी आवडती 'मिसेस सिंकिन्स', इंग्लंडात स्लाउ या गावच्या वर्कहाऊसचे (गरिबांसाठीच्या आश्रयगृहाचे) प्रमुख जॉन सिंकिन्स यांनी 19व्या शतकात तयार केली आणि बायकोचं नाव दिलं. पांढरं, दाट पाकळ्यांचं फूल, इतकं भरलेलं की खालचा हिरवा पेला एका बाजूने फाटतो आणि पाकळ्या बाहेर लोंबतात. प्रदर्शनवाले नाक मुरडतात, पण वासात हिच्यापुढे बाकीच्या फिक्या!

प्रश्न: यांचे संकर पहिल्यांदा कुणी केले?

थॉमस फेअरचाइल्ड, लंडनचा नर्सरीवाला. 1717 च्या सुमाराला त्याने कार्नेशन आणि स्वीट विल्यम या डायँथसच्याच दोन जातींचा मुद्दाम संकर केला, माणसाने जाणूनबुजून केलेल्या पहिल्या संकरांत तो धरतात, आणि ते रोप वांझ निघालं म्हणून त्याला 'खेचर' म्हणायचे. पुढे स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या विणकरांनी पाकळ्यांना गडद कडा असलेले लेस्ड पिंक्स जोपासले, दिवसभर मागावर बसणारी माणसं ही, तरी किती बारीक नजर!

प्रश्न: जुना गड्डा मधे टकला झालाय, काय करू?

3-4 वर्षांनी असं होतंच, खोड जून होतं आणि त्यावर पुन्हा फुटवा क्वचितच येतो, म्हणून खालपर्यंत छाटू नका. फुलं ओसरली की कळी नसलेल्या शेंड्याच्या 8-10 सेंमीच्या काड्या घ्या, खालची पानं काढा, पेराच्या लगेच खाली कापा आणि अर्धी वाळू अर्धं कंपोस्ट अशा मिश्रणात सावलीत खोचा. महिनाभरात मुळं धरतात. अलगद ओढून बघा, काडी हातात आली नाही तर वेगळ्या कुंडीत लावा, आणि जुना गड्डा मग बिनधास्त काढून टाका.