३, ३, ८, ८ सुटतं! (आणि ते अडतं कुठे)

चार पत्त्यांतून चोवीस आणण्याच्या खेळात ३, ३, ८, ८ सुटतं का, असं तुम्ही विचारलंय. सहावीतल्या लेकीला आकडेमोडीचा कंटाळा आहे, अर्धे डाव अडतात, ती उठून जाते, तर दुसरा कुठला खेळ आहे का, असंही लिहिलंय. सुटतं. आमच्याकडे हा डाव पहिल्यांदा पडला तेव्हा मी पाच मिनिटांत "होत नाही" म्हणून पानं पिसून टाकली होती. तुम्ही मायलेकी दोन दिवस त्याला चिकटून राहिलात, तेव्हा सहावीतल्या मुलीला आकडेमोडीचा कंटाळा आहे हे तुमचं म्हणणं मला फारसं पटलेलं नाही. कंटाळा बहुतेक हरण्याचा असावा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार पानं उघडी मांडायची, प्रत्येक पान एकदाच आणि चारही पानं वापरायची. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कंस यांच्या जोरावर चोवीस आणायचे. एक्का म्हणजे १. दुर्री आणि चौकी शेजारी ठेवून "हे बघा चोवीस" म्हणायचं नाही (दर मे महिन्यात एखादं भाचरू हे करून बघतंच). चीनमध्ये मुलं साध्या पत्त्यांनी हे खेळतात. अमेरिकेत रॉबर्ट सन यांनी १९८८ मध्ये याचा छापील कार्डांचा संच काढला. त्यात कार्डावर चार आकडे आणि कोपऱ्यात एक, दोन किंवा तीन ठिपके असतात, ठिपके जास्त तितकं कार्ड अवघड. त्यातलं प्रत्येक कार्ड सुटतंच. मला मात्र घरातला जुना कॅटच बरा वाटतो, कारण त्यात न सुटणारे डावही पडतात.

"अर्धे डाव अडतात" असं तुम्ही लिहिलंय, त्यातले काही खरोखरच न सुटणारे असणार. चित्रांची पानं बाजूला ठेवून एक्का ते दश्शी एवढीच ४० पानं घेतली, तर चार आकड्यांचे ७१५ वेगवेगळे संच होतात आणि त्यातले ५६६ सुटतात. गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरून पूर्ण कॅट घेतला तर १८२० पैकी १३६२. म्हणजे पाचातला, फार तर चारातला एक संच मुळातच सुटत नाही. हे मुलीला आधी सांगा. नाहीतर प्रत्येक अडलेला डाव तिला स्वतःची चूक वाटत राहील.

आमच्या घरी त्यावरून नियमच झाला: "होत नाही" म्हणायला परवानगी आहे, पण का होत नाही ते सांगावं लागतं. चार दुर्र्या आल्या, तर सगळ्यांचा गुणाकार करूनही १६ च होतात, त्यापुढे जाताच येत नाही. झालं, सिद्ध. तीन एक्के आणि दश्शी आली तर जरा वेळ लागतो: (१ + १) × १० + १ केलं की २१, (१ + १) × (१० + १) केलं की २२, तिन्ही एक्के एकत्र करून दहाला गुणलं की एकदम ३०. मधले चोवीस काही हाती लागत नाहीत. सहावीतली मुलगी कागदावर हे सगळे रस्ते संपवून दाखवते, तेव्हा ती उत्तर काढण्यापेक्षा अवघड काम करत असते. आम्ही त्याला दुप्पट गुण देतो. चूक ठरलं तर तेवढेच वजा.

आता सुटणाऱ्या डावांकडे. नवशिका माणूस पानांकडे बघत हाताला येईल ते जोडत सुटतो. त्यापेक्षा चोवीसकडून मागे या. अठ्ठी दिसली तर उरलेल्या तिघांतून ३ निघतात का? छक्की असेल तर ४? राणी असेल तर २? चोवीसला १, २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४ असे आठ विभाजक आहेत, आणि आठ विभाजक असलेली ही सर्वांत लहान संख्या आहे. म्हणून चोवीसकडे यायला एवढ्या वाटा. गुणाकाराने जमलं नाही तर बेरीज-वजाबाकीच्या जोड्या बघायच्या: २० + ४, २१ + ३, २५ − १, २७ − ३, २८ − ४. चित्रं घेऊन खेळत असाल तर राजा-गुलाम ही जोडीच चोवीस (१३ + ११), दोन राण्या म्हणजेही चोवीस, आणि उरलेली दोन पानं सारखी असली की ती एकमेकांतून वजा करून गप्प बसवायची.

उदाहरणार्थ २, ३, ४, ८. यात ८ × (४ + २ − ३) आहे, २ × ३ × (८ − ४) आहे आणि (८ ÷ २ + ४) × ३ पण आहे. असा डाव पडला की आम्ही शर्यत थांबवतो. मग पहिला कोण हे विचारायचंच नाही, सगळ्यांनी मिळून किती वाटा सापडतात ते मोजायचं. तुमच्या प्रश्नातलं "ती उठून जाते" वाचून मला वाटलं, तुमच्याकडे फक्त शर्यत चालू असावी. घरात एखादा मोठा भाऊ किंवा बाबा झटपट उत्तर ओरडणारा असला, की बाकीच्यांनी विचार तरी कशाला करायचा? माझ्या धाकट्या भाचीने या कारणासाठी एक अख्खी सुट्टी खेळायला नकार दिला होता. पुढच्या वर्षी आम्ही नियम केला की उत्तर आलं तरी दोन मिनिटं तोंड मिटून बसायचं आणि फक्त पान उलटं करायचं. तेव्हापासून तीच सर्वांत जास्त डाव सोडवते.

आता ३, ३, ८, ८. इथे मागे येण्याची युक्तीच फसवते. आठ त्रिक चोवीस समोर दिसतात, पण उरलेल्या तिर्री आणि अठ्ठीचं काय करायचं? त्यांच्यातून शून्यही निघत नाही आणि एकही नाही. माणूस तिथेच घुटमळतो, कारण वाटेतली प्रत्येक संख्या पूर्णच असली पाहिजे असं आपण मनाशी धरलेलं असतं. नियमात असं कुठेही नाही.

८ ÷ ३ करा. दोन पूर्णांक दोन तृतीयांश. ते तिनातून वजा करा, उरला एक तृतीयांश. आता ८ ला एक तृतीयांशाने भागा. चोवीस!

८ ÷ (३ − ८ ÷ ३) = २४

"भागल्यावर वाढलं कसं?" हा प्रश्न मुलगी विचारेल, विचारायलाच हवा. तेव्हा वही बाजूला ठेवा आणि भाकरीवर या. आठ भाकऱ्यांचे प्रत्येकी तीन सारखे तुकडे केले तर तुकडे किती? याच जातीचा दुसरा डाव १, ३, ४, ६. दिसायला इतका गरीब की कोणी घाबरत नाही, आणि मग तासभर जातो. १ − ३ ÷ ४ म्हणजे पाव. ६ ÷ पाव म्हणजे सहा भाकऱ्यांचे चतकोर, ते चोवीसच होणार. माझ्या आजीला हा डाव घातला असता तर तिने पानांकडे बघून लगेच सांगितलं असतं, कारण तिची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे) सगळी तोंडपाठ होती. चोवीसची पावकी सहा, तर सहा पाहिले की चोवीसचा चौथा हिस्सा तिला आपोआप दिसायचा. आपण पाढे तीसपर्यंत पाठ केले आणि अपूर्णांकांचे सोडून दिले, त्यामुळे आपल्याला सहा म्हटलं की "सहा चोक" तेवढं आठवतं. पावकी-निमकी पुन्हा घोकून घ्या असं मी म्हणत नाही, मलाही औटकीच्या (साडेतीनच्या पाढ्याच्या) पुढे जमत नाही. पण चतकोर, अर्धी, पाऊण हे शब्द घरात वापरात असतील, तर त्यांचा इथे सरळ उपयोग होतो.

अपूर्णांकांची आणखी एक जात आहे आणि ती मला जास्त आवडते. ४, ४, ७, ७ घ्या. सात चोक अठ्ठावीस, त्यातून चार वजा केले की झालं, पण मग एक सत्ती हातात राहते. तिला घालवायचं कसं? कंसात छेदाला बसवायची आणि बाहेरच्या सत्तीने पुसून टाकायची: ७ × (४ − ४ ÷ ७). कंस उघडलात की २८ − ४. हे एकदा कळलं की ३, ३, ७, ७ (तिथे २१ + ३ हवेत) आणि ५, ५, ५, १ (२५ − १) मिनिटभरात सुटतात. मुलीला यातला एकच सोडवून दाखवा, बाकीचे तिच्यासमोर नुसते टाका.

दुसरा कुठला खेळ आहे का, असंही विचारलंय. दोन सांगतो, दोन्ही ४० पानांचे.

एक एकटीने खेळायचा. कॅट पिसून एक पान न बघता उशीखाली ठेवायचं. बाकीची एकेक उलटत बेरीज करत जायची, पण फक्त एकक स्थानचा अंक लक्षात ठेवायचा, दशक सोडून द्यायचा. ४० पानांची बेरीज २२० असते, म्हणून शेवटी जो अंक उरेल तो दहातून वजा केला की उशीखालचं पान. शून्य उरलं तर दश्शी. सुरुवातीला चार-पाच मिनिटं लागतात, महिनाभरात पानं उलटणारा हात डोक्यातल्या बेरजेपेक्षा मागे पडतो. घड्याळ लावून स्वतःशीच शर्यत करता येते, इथे हरवणारं दुसरं कोणी नसतं.

दुसरा खेळ आपल्या देवळालीचा म्हणायला हरकत नाही. १९०५ साली डहाणूला जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, त्यांनी ६१७४ ही गंमत शोधली. चार पानं घ्या, दश्शीला शून्य धरा, चारही सारखी नसली म्हणजे झालं. मोठ्यात मोठी संख्या मांडा, त्यातून त्याच अंकांची लहानात लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच. ३, ५, २, ४ पडली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. तिथून पुढे कितीही करा, ६१७४ च येतं. कुठल्याही पानांनी सुरुवात केली तरी सात वजाबाक्यांच्या आत तिथे पोचतोच. खेळ असा की सुरुवातीला प्रत्येकाने पैज लावायची, किती पायऱ्या लागतील. हातच्याच्या वजाबाक्यांचा एवढा सराव मुलं एरवी मारून मुटकून करत नाहीत. मधे चूक झाली का ते बघायला सोपी खूण आहे: प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत यायला हवी. ३०८७ चे अंक १८, ८३५२ चेही १८. नाही आली तर हातचा कुठेतरी विसरलाय. उत्तर तीन अंकी आलं तर पुढचं शून्य टाकून देऊ नका, २, १, १, १ मध्ये ०९९९ येतं तिथे सगळ्यांचीच गाडी घसरते.

लेकीला माझ्याकडून दोन डाव द्या: २, ५, ५, १० आणि १, ४, ५, ६. दुसऱ्याच्या मला दोन वाटा माहीत आहेत. तिला दोन्ही सापडल्या तर इथे लिहा, आणि तिसरी सापडली तर आधी कंस तपासा.