टीडीसीएस करतोयस? आधी केसांतलं तेल बघ

अरे टीडीसीएसच्या, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूला हलका करंट द्यायच्या, मशीनची घाई नको करू, आधी एथिक्स कमिटीचं पत्र हातात येऊ दे. स्क्रीनिंगमध्ये फिट्स, डोक्यात धातू, पेसमेकर हे एकेक करून विचार, नुसतं "काही आजार आहे का" म्हटलंस तर सगळे नाहीच म्हणतात. करंट १ ते २ मिलीअँपिअर, वीसेक मिनिटं, त्यात काही नाही, खरा ताप इलेक्ट्रोडचा. मुंबईत पोरं तेल चोपडून येतात, वर लोकलमधला घाम, मग इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) खाली यायचं नाव नाही, म्हणून आदल्या दिवशीच मेसेज टाक की शाम्पू करून या. स्पंज सलाईनने ओला हवा पण निथळता नको, पाणी पसरलं की करंटही पसरतो आणि तुझं एफ३ (डोक्यावर पुढे डावीकडे इलेक्ट्रोड लावायची ठरलेली जागा) नावापुरतं उरतं. शॅमला, म्हणजे खोटा करंट मिळणाऱ्या ग्रुपला, सुरुवातीला तीसेक सेकंद करंट देऊन बंद करतात, मुंग्या दोन्ही ग्रुपना येतात, तरी शेवटी प्रत्येकाला विचारच, खरं वाटलं का खोटं. आणि पंधरा-पंधरा जणांवर मेमरी वाढली वगैरे लिहू नकोस बाबा! २००० साली नित्शे आणि पाउलुस या संशोधकांनी दाखवलं ते मोटर कॉर्टेक्सवर (हालचाली सांभाळणारा मेंदूचा भाग), वर्किंग मेमरीचे (माहिती थोडा वेळ डोक्यात धरून वापरायची क्षमता) निकाल जाम उलटसुलट आहेत. सॅम्पल साइझ आधी काढ, गाइडला दाखव, मग प्रीरजिस्टर कर, म्हणजे प्रयोगाचा आराखडा आधीच नोंदवून ठेव.