लिनिफिया कोळी कोणत्या कुळातला? त्याचं जाळं गोल का नसतं?

कूळ लिनिफिइडी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेयने १८०४ मध्ये लिनिफिया ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली. जाळं आडवं, चादरीसारखं आणि वर धाग्यांचा गुंता. उडता किडा गुंत्यात अडखळून चादरीवर आपटतो. खाली उलटा लटकलेला कोळी चादरीतूनच चावतो, मग खाली ओढतो. गोल चक्राची गरजच काय!

वर्गीकरणात मात्र पूर्वी आनंदीआनंद होता: चादर दिसली की टाका लिनिफियात. पुढे बऱ्याच जाती नेरिएनी, फ्रंटिनेला वगैरे प्रजातींत गेल्या. युरोपातल्या कुंपणांवर सर्रास दिसणारी लिनिफिया ट्रायँग्युलॅरिस ही जात लिनिफियातच टिकली. तिला स्वीडिश कोळी-अभ्यासक क्लेर्कने १७५७ मध्ये नाव दिलं, म्हणजे प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात मानलेल्या १७५८ च्याही आधी. ही सवलत क्लेर्कच्या कोळ्यांना खास मिळाली आहे.